टेबलासकट

सुताराने करवत टेबलाच्या मधोमध टेकवली, आणि बाइंडरांना ते पत्र आठवलं. तसं विसरले ते कधीच नव्हते. उत्तर न दिलेलं पत्र कुठे आहे हे माणसाच्या हाताला माहीत असतं. हात फक्त तिकडे जात नाही.

"नक्की कापू ना?" सुताराने विचारलं. टेबलाच्या कडेवरून त्याने अंगठा फिरवला. "असं लाकूड आता औषधालाही मिळायचं नाही, काका. करवत लावायला जीव होत नाही."

"दारातून जात नाही ते," बाइंडर म्हणाले. "याच खोलीत तयार झालं होतं. आधी टेबल झालं, मग दाराला चौकट बसली."

"ते कळलं. पण कापू का?"

बाइंडरांनी मान हलवली. ती होकाराची आहे, असं सुताराने धरलं.

दारात एजंट उभा होता. एका हातात किल्ल्यांचा जुडगा, दुसऱ्यात फोन. तो हसला. "अरे बाबा, काकांच्या तोंडून 'हो' काढायचं म्हणजे सकाळची संध्याकाळ होईल. तू आपला चालव."

करवत चालली. खाली भुसा पडू लागला, त्याला खळीचा वास होता. चाळीस वर्षांत त्या लाकडाने पुस्तकं चिकटवायची खळ पोटभर प्यायली होती. बाइंडर खिडकीशी उभे राहून हातातली हाडाची पट्टी बोटांत फिरवत होते. कागदाची घडी दाबायची ती पट्टी झिजून त्यांच्या अंगठ्याच्या आकाराची झाली होती.

घर विकायला काढून चौदा महिने झाले होते. दारावरच्या पाटीची अक्षरं उन्हाने फिकी पडली, म्हणून एजंटने मध्ये नवी पाटी आणून लावली. घर बघायला माणसं येत. नळ सोडून बघत, जिन्याखाली वाकून बघत, भिंतीवर टिचकी मारून बघत. "कळवतो" म्हणत आणि जात. कळवायचं मात्र कुणीच नाही. पुढे पुढे येणारेही कमी झाले. गेले चार महिने तर पाटी वाचायलासुद्धा कुणी थांबत नव्हतं.

मग एजंटने एक दिवस पुढच्या खोलीत बसून स्पष्टच सांगितलं होतं.

"काका, राग मानू नका. घर बघायला येणाऱ्याला त्याचं घर दिसलं पाहिजे. इथे त्याला तुम्ही दिसता. ही पुस्तकं, हा दाबायचा शिकंजा, हे पुठ्ठे, हा वास. आणि हे टेबल! एक बाई मला म्हणाल्या, इथे पोस्टमॉर्टेम करतात का."

"मग?"

"मग काय, सगळं मोकळं करायचं. फळ्या काढायच्या, भोकं बुजवायची, पांढरा रंग मारायचा. दोन कुंड्या मी आणून ठेवतो, प्लास्टिकच्या. पाणी घालायला नको. आणि तुम्ही घर दाखवताना बाहेर जात जा जरा. बागेत बसा, वाचत बसा. तुम्ही कोपऱ्यात असे उभे राहता ना, माणसाला वाटतं आपण कुणाला तरी घराबाहेर काढतोय."

बाइंडरांना यातलं एकही वाक्य खोडून काढता आलं नव्हतं. आपल्यापेक्षा समोरच्याला जास्त कळतं, यावर त्यांचा आयुष्यभर विश्वास होता.

आणि घर विकणं भाग होतं. दीड वर्षापूर्वी बायकोला झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, बोलणं अडखळू लागलं. मुलगी येऊन तिला आपल्या गावी घेऊन गेली. मुलीचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं, घरात दोन मुलं. आईचं अंथरूण हॉलमधल्या सोफ्यावर. "मी घर विकून येतो," असं बाइंडर तेव्हा म्हणाले होते. दोनतीन महिन्यांची गोष्ट. मुलीच्या गल्लीत तळमजल्यावर एखादी जागा घ्यायची आणि दोघांनी तिथे राहायचं. तशा दोन जागा डोळ्यांदेखत गेल्या. आता तिसरी होती. मागे चार पावलांचं अंगण असलेली. बायकोला झाडांचं वेड, म्हणून मुलीने ती हेरून ठेवली होती. मालकीणबाईंनी थांबायचा शब्द दिला होता, पण शब्दालाही मुदत असते. या महिन्याच्या अखेरपर्यंत.

दीड वर्षात बायकोचे पाय जमिनीला लागले नव्हते.

टेबलाचे दोन तुकडे झाले. सुताराने आणि एजंटने मिळून ते बाहेर नेले. मग भिंतीवरच्या फळ्या उतरल्या. संध्याकाळपर्यंत खोली इतकी मोठी झाली, की बाइंडर खोकले तर खोलीने त्यांना उलट खोकून दाखवलं.

पत्र लिहिणारी ती बाई आली होती ती वर्षभरापूर्वी, भर दुपारी, एकटी, पाटी वाचून. एजंट नव्हता. गळ्यात मोजायची टेप तशीच होती. काम टाकून आली असावी. बाइंडरांनी दार उघडलं आणि बाजूला सरकले. बाई आत आली. कुणीच काही बोललं नाही. बाइंडरांना अनोळखी माणसाशी, त्यातून बाईमाणसाशी, पहिलं वाक्य कुठून सुरू करावं हे सत्तर वर्षांत उमगलं नव्हतं. आणि बाईही त्यांच्याच माळेतला मणी निघाली. ते पुढे, ती मागे. स्वयंपाकघर झालं, मागची खोली झाली, माडी झाली. कुठे दिवा लावायचा तर ते बटण दाबत, ती बघून झालं की मान हलवी, ते बटण बंद करत. दहा मिनिटांत अख्खं घर एका शब्दाशिवाय बघून झालं.

शेवटी पुढच्या खोलीत ती टेबलापाशी थांबली. टेबलावर तिने तळवा ठेवला, मग वाकून डोळा लाकडाच्या रेषेत आणला आणि सपाटी बघितली. कोपर ते बोटं अशा हाताने लांबी मोजली. गळ्यात टेप असूनही हातानेच. खिडकीकडे बघितलं. मग मान खाली घालून "येते" म्हणाली आणि गेली.

आठव्या दिवशी तिचं पत्र आलं. सात ओळींचं. कपडे शिवण्याचा व्यवसाय करते, घर पसंत आहे, असं लिहून एकच गोष्ट विचारली होती. त्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दाचं होतं.

बाइंडरांनी उत्तर लिहायला घेतलं. पहिलं फार कोरडं झालं. दुसरं फार लांबलं. तिसऱ्यात उगाच स्वतःबद्दल लिहिलं गेलं. पंधरा दिवस झाल्यावर उशिराबद्दल दोन ओळी लिहाव्या लागल्या, महिना झाल्यावर चार. दोन महिन्यांनी माफीच पत्राहून मोठी झाली. प्रत्येक खेपेला कागद एका बाजूने कोरा राही, आणि बाइंडर माणूस कोरा कागद फेकत नाही. पुस्तकाच्या कण्याला आतून डकवायला एका बाजूचे कागद लागतात, त्यांचं त्यांच्याकडे एक तबक होतं. सगळे मसुदे त्या तबकात जात, पत्रासोबत.

एजंटला त्यांनी यातलं काही सांगितलं नाही. आधी वाटलं, उत्तर गेल्यावर सांगू. नंतर सांगण्यासारखं काही उरलं नाही.

बायको त्यांना उद्याराव म्हणायची. लग्नानंतर चौथ्या दिवसापासून. "आमचे उद्याराव आज काही करतील तर सूर्य पश्चिमेला उगवेल," असं पाहुण्यांसमोरसुद्धा. बांधणीच्या कामात मात्र त्यांनी कधी कुणाला उद्या म्हटलं नव्हतं. पुस्तक आज शिवून होईल म्हटलं की आज.

रंगाऱ्याने तीन दिवसांत घर पांढरं केलं. एजंटने प्लास्टिकच्या कुंड्या आणल्या. उरलेल्या पुस्तकांची पोती एका शाळेने नेली, शिकंजा भंगारवाल्याने. फक्त एक गोष्ट कुणाच्याने जाईना. टेबलाचे चार पाय जिथे होते तिथे फरशी मूळच्या रंगाची राहिली होती, बाकीची चाळीस वर्षांच्या पावलांनी फिकटली होती. चार गडद चौकोन. रंगाऱ्याने घासून बघितले, एजंटने कसलंसं द्रावण ओतून बघितलं.

महिना संपायला सहा दिवस असताना एक जोडपं आलं, सोबत नवऱ्याची आत्या. एजंटने डोळ्यांनी खुणावलं तसे बाइंडर बाहेर गेले. पण चप्पल घालायला वाकले ते वाकलेलेच राहिले, म्हणून त्यांना आतलं ऐकू आलं.

"दवाखाना होता का इथे?" आत्या विचारत होत्या.

"छे छे. राहतं घर आहे, आत्या. बघा की किती प्रकाश."

"प्रकाश आहे हो. पण मग माणसं कुठे गेली सगळी?" थोडा वेळ पावलं वाजली. "आणि हे काय चौकोन चौकोन?"

"डिझाइन आहे ते."

"चारच?"

नवरा हसला. त्याची बायको म्हणाली, आपलं कपाट इथे कसं मावेल काही कळत नाही, सगळंच रिकामं असलं की अंदाज येत नाही. जाताना त्यांनी बाइंडरांना हात जोडून नमस्कार केला. "कळवतो," नवरा म्हणाला.

ते गेल्यावर एजंटने कुंडीतल्या प्लास्टिकच्या पानावरची धूळ फुंकरली. "आता माझ्याही हातात काही राहिलं नाही, काका," तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या बोलण्यात थट्टा नव्हती. "पाटी राहू द्या. पाटीला काय, खायला लागत नाही."

महिन्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी मुलीचा फोन आला. बाइंडर पांढऱ्या खोलीत एकुलत्या खुर्चीवर बसले होते.

"बाबा, जागा गेली." मुलीचा आवाज शांत होता, खूप वेळ शांत करून आणलेला. "मालकीणबाई स्वतः वर येऊन सांगून गेल्या. बिचाऱ्यांनी खूप थांबून बघितलं."

"हं."

"तुम्हाला दोष देत नाही मी. रंग काढला, सामान हलवलं, सगळं केलंत. नशीबच नाही. चौदा महिन्यांत एक माणूस, बाबा. एक माणूस धड मिळालं असतं तरी झालं असतं."

बाइंडरांनी पायाने फरशीवरचा एक चौकोन चाचपला. मग दुसरा.

"एक होतं," ते म्हणाले.

"काय?"

"तुझ्या आईची वही आहे ना तिथे? झाडांची? मी बांधून दिलेली?"

ती बायकोची जुनी वही होती. कोणतं झाड कधी लावलं, कधी फुललं, कशाला कीड लागली, याच्या तीस वर्षांच्या नोंदी. पानं सुटी झाली होती. गेल्या वर्षी मुलगी येऊन गेली, तेव्हा तिच्यासोबत पाठवायची म्हणून बाइंडरांनी ती एका दिवसात नव्याने बांधली होती.

"इथेच आहे, आईच्या उशाशी. वहीचं काय आता?"

"तिचा कणा उघड. सुरी घालू नकोस, शिवण तुटेल. चमच्याचा दांडा घे. कापड आणि शिवण यांच्यामधून सरकव, वरून खाली. निघत नसेल तर कोमट पाण्याचं फडकं लाव."

"बाबा, तुम्ही बरे आहात ना?"

"आत कागद आहे एक. मला त्यावरचा पत्ता हवाय."

फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला. भांडं वाजलं. एक मूल काहीतरी मागत होतं, त्याला कुणी गप्प केलं. बाइंडर वाट बघत राहिले. वही बांधली तो दिवस त्यांना दिसत होता: कण्याला खळ लावलेली, तबकातला वरचा कागद उचललेला, आणि कुंच्याखाली त्या बाईचं ओळखीचं अक्षर ओलं होत गेलेलं. कागद ओला असेपर्यंत सोलून काढता येतो. दोन मिनिटं तरी हातात असतात. ती दोन मिनिटं ते कागदाकडे बघत उभे राहिले होते. मग त्यांनी हाडाची पट्टी घेतली होती आणि कागदावरून वरून खाली, वरून खाली, एकही सुरकुती राहणार नाही अशी फिरवली होती.

"मिळाला," मुलगी म्हणाली. "अर्धा फाटलाय. पत्ता आहे वर." तिने पत्ता सांगितला. बाइंडरांनी तो तळहातावर लिहिला. घरात कागद नव्हता. मग मुलगी पुढे वाचू लागली, आधी नुसती डोळ्यांखालून घालत असावी, मग मोठ्याने.

"'...समोर विचारायला जमलं नाही. घर मला पसंत आहे. तुमची अडचण नसेल तर... दिवसांत व्यवहार पुरा करता येईल. फक्त पुढच्या खोलीतलं टेबल आणि भिंतीच्या फळ्या आहेत तशाच घरासोबत द्याल का? असं टेबल मला कुणी करून देणार नाही. टेबलासकट मिळत असेल तर...' पुढे खळीने गेलंय. 'कृपया कळवावे.'"

पलीकडे कागद सरळ केल्याचा आवाज आला.

"बाबा, याच्यावर तारीख आहे."

"आहे."

"म्हणजे मागच्या... म्हणजे मी वही घेऊन आले त्याच्याही आधी." तिचा श्वास ऐकू येत होता. "मी हे हातात घेऊन आले. माझ्या पिशवीत. बाबा, आई वर्षभर सोफ्यावर झोपतेय. कुशीवर वळायचं तर मला उठवते."

बाइंडरांचा पाय तिसऱ्या चौकोनावर गेला.

"का?" मुलगी म्हणाली. "एवढंच सांगा. टेबल सोडवत नव्हतं का?"

त्यांनी खरंच विचार केला. टेबल सोडून ते कुठे उभे राहिले असते, हे त्यांना तेव्हा दिसत नव्हतं. पण मग सुताराला कसं कापू दिलं? तेव्हा कुणी हो म्हणायला सांगितलं नव्हतं. नुसती मान हलवून भागलं होतं. हे मुलीला सांगता आलं असतं. ते फार लांबलं असतं.

पलीकडे बोलण्याचा गलका झाला, आणि फोनवर बायकोचा आवाज आला. एकेक शब्द उंबरठा ओलांडल्यासारखा यायचा.

"किती... ओळी?"

"कसल्या?"

"तिच्या."

"सात."

"आणि... उत्तर?"

"एक शब्द होता," बाइंडर म्हणाले. "हो."

तिच्या घशातून एक आवाज आला. झटक्यानंतर तिचं हसणं आणि दुसरं ते, दोन्ही सारखंच ऐकू यायचं. बाइंडरांनी फोन कानाशी घट्ट दाबून धरला, पण कुठलं ते त्यांना ओळखता आलं नाही.

"उद्याराव," ती म्हणाली. "वही... परत... बांधावी लागेल."

फोन बंद झाला.

ते कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. "एक कागद द्या. पत्राचा. आणि एक पाकीट, तिकीट लावून."

"एक कागद कसला देऊ, काका? दस्ता घ्या, स्वस्त पडेल."

"एकच द्या. दस्ता घेतला तर लिहून होणार नाही."

दुकानदाराने त्यांच्याकडे बघितलं आणि दस्त्यातून एक कागद ओढून दिला. बाइंडरांनी दुकानाच्या फळीवरच, उभ्याने लिहिलं.

"सप्रेम नमस्कार. आपलं पत्र मिळून वर्ष होऊन गेलं. आपल्या प्रश्नाचं उत्तर हो असं आहे. पहिल्या दिवसापासून ते हो असंच होतं. मात्र टेबल आता नाही. तीन आठवड्यांपूर्वी मी ते कापू दिलं. फळ्याही नाहीत. टेबल सात फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद होतं. उंची उभ्याने काम करणाऱ्याची पाठ दुखू नये एवढी. पायांच्या जागा फरशीवर अजून दिसतात. दुसरं कुठे करून घ्याल तेव्हा खिडकी डाव्या हाताला ठेवावी. घर अजून आहे."

शेवटचं वाक्य खोडावं असं त्यांना वाटलं. पेन त्यांनी तिथवर नेलंही. पण खोडलं तर पुन्हा लिहावं लागलं असतं, आणि कागद एकच होता. त्यांनी घडी घातली. हाडाची पट्टी खिशात होती. तिने घडी दाबली. मग तळहातावरचा पत्ता पाकिटावर उतरवला. घामाने शेवटचे आकडे पुसट झाले होते. ते त्यांनी जसे दिसले तसे लिहिले.

"वरातीमागून घोडं दिसतंय काहीतरी," दुकानदार थट्टेने म्हणाला. "एवढी घाई कधी बघितली नाही तुमची."

"हो," बाइंडर म्हणाले.

पत्रपेटी रस्त्याच्या पलीकडे होती. हल्ली तिच्यात कुणी फारसं काही टाकत नसावं. फटीच्या कडेला कोळ्याने जाळं विणलं होतं. बाइंडरांनी पाकीट आत सरकवलं आणि सोडलं. ते तळाशी, पत्र्यावर पडल्याचा आवाज आला. हात काही वेळ तसाच फटीशी राहिला.